बॅकस्विंग संपण्यापूर्वी

गोल्फच्या स्विंगमध्ये, म्हणजे फटक्याच्या पूर्ण हालचालीत, क्लब (फटका मारायची काठी) मागे आणि वर जायला, म्हणजे बॅकस्विंगला, साधारण पाऊण सेकंद लागतो, आणि तिथून चेंडूपर्यंत खाली यायला, म्हणजे डाऊनस्विंगला, साधारण पाव सेकंद. माणसाला एखादी गोष्ट जाणवून, ती ओळखून, स्नायूंपर्यंत आज्ञा पोहोचेतो जवळजवळ तेवढाच वेळ निघून जातो. म्हणजे खाली येताना काही बिनसले आहे हे उमगेपर्यंत चेंडू उडालेला असतो. हे गणित एकदा मनात पक्के बसले, की ‘खाली येताना वजन डाव्या पायावर टाका’ हा रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, रोज कानी पडणारा सल्ला किती अपुरा आहे हे लक्षात येते. सल्ला खोटा नाही. परंतु ज्या क्षणी तो अमलात आणायला सांगितले जाते, त्या क्षणी तो अमलात आणणे कुणाच्याच हातात नसते. डाव्या पायाकडे परतणे त्याआधीच, क्लब अजून वर जात असतानाच, सुरू झालेले असावे लागते. मला या लेखात सांगायचे आहे ते एवढेच. पण त्याचे पदर बरेच आहेत आणि ते सावकाश उलगडण्याजोगे आहेत. (लिहितो आहे ते उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून, डावखुऱ्यांनी पायांची अदलाबदल करून वाचावे.)

पुण्यात हिवाळ्यात सकाळी लवकर खेळायला गेले, की टीवरच्या, म्हणजे पहिला फटका जिथून मारतात तिथल्या, गवतावर दव असते आणि आधी खेळून गेलेल्यांच्या पायांचे ठसे त्यात स्पष्ट उमटलेले असतात. ते निरखून पाहण्याची मला सवय आहे. ज्याचा स्विंग पायांवर चालतो, त्याच्या उजव्या बुटाचा ठसा एकसंध नसतो: टाचेच्या जागी दव थोडेसेच पुसलेले असते, आणि चवड्याच्या जागी बूट जिथे फिरला तिथे गवत पिळल्यासारखे गोल वळलेले दिसते. डाव्या बुटाची टाच आणि बाहेरची कड मात्र खोल रुतलेली असते. याउलट ज्याचे वजन मागेच राहिले, त्याच्या उजव्या बुटाचा ठसा टाचेपासून बोटांपर्यंत सपाट आणि भरीव असतो. डाव्या बुटाची नुसती पुढची रेघ उमटलेली असते, आणि कधीकधी फटक्यानंतर तोल सावरण्यासाठी मागे टाकलेल्या पावलाचा तिसरा ठसाही असतो. चेंडू कुठे गेला असेल, हे तेवढ्यावरूनही बहुधा सांगता येते.

हे मागे राहणे घडते कसे, ते नीट पाहायला हवे, कारण त्याचे मूळ जिथे दिसते तिथे नसते. बॅकस्विंग सुरू होताच अनेकांचे सारे धड वळण्याऐवजी उजवीकडे सरकते. उजवा गुडघा बाहेर ढळतो, वजन उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर जाते, आणि क्लब वर पोहोचतो तेव्हा शरीर जणू दाराच्या बाहेर जाऊन उभे असते. तिथून परतायला पाव सेकंद पुरत नाही. मग पायांची वाट न पाहता हात निघतात, खांदे निघतात, आणि क्लबच्या फिरण्याचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. त्यामुळे एक तर क्लब आधी जमिनीत घुसतो, किंवा जमीन टाळण्याच्या नादात चेंडूचा माथा तासून जातो. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, हातात असेल तर चेंडू उजवीकडे वळत वळत झाडीत शिरतो. या दोषाला एक मानसिक कारणही आहे आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. चेंडू आपण उचलायचा आहे, अशी नवशिक्याची समजूत असते, आणि उचलायचे म्हटले की माणूस आपोआप मागे झुकतो. उचलण्याचे काम क्लबच्या पात्याच्या तिरकसपणाने करायचे असते. आयर्नचा, म्हणजे धातूच्या चपट्या पात्याच्या क्लबचा, चांगला फटका आधी चेंडूला आणि मग पुढच्या जमिनीला लागतो. गवताचा निघालेला तुकडा, म्हणजे डिव्हट, चेंडूच्या जागेच्या पुढे सुरू झाला पाहिजे.

रेंजवरच्या चटया या बाबतीत फार लबाड असतात. क्लब चेंडूच्या मागे दोन बोटे पडला तरी चटईवरून घसरून चेंडूपर्यंत पोहोचतो, आवाजही बरा येतो, आणि खेळणारा समाधानाने पुढचा चेंडू घेतो. पावसाळ्यात ओल्या फेअरवेवर, म्हणजे मैदानातल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, तोच फटका मारला, की क्लब चिखलात रुततो आणि चेंडू चार पावले पुढे जाऊन पडतो. म्हणून पायांचे काम शिकायचे असेल तर गवतावरच शिकावे, असे माझे ठाम मत आहे. गवतावर चुन्याने चेंडूच्या रेषेला आडवी एक रेघ ओढावी, चेंडू न ठेवता नुसते स्विंग करावेत, आणि डिव्हट रेघेच्या अलीकडे सुरू होतो की पलीकडे, ते पाहावे.

आता ‘वजन’ या कल्पनेकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. आपण वजन डावीकडे न्यायचे म्हणतो तेव्हा मनात चित्र असते ते सगळे शरीर उचलून डावीकडे नेण्याचे. जमिनीवर बसवलेल्या दाब मोजणाऱ्या पट्ट्यांवर कुशल खेळाडूंना उभे करून जे दिसले, ते मात्र वेगळे आहे. शरीर सरकते ते थोडेसेच. पायांखालचा दाब मात्र एका पायाकडून दुसऱ्याकडे जवळजवळ पूर्ण अंतर कापतो. स्थिर उभा असलेला माणूससुद्धा जागा न सोडता एका पायाने जमीन जास्त जोरात दाबू शकतो, आणि जमीन त्याला तेवढ्याच जोराने उलट ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत सगळेच शिकतात. गोल्फमध्ये तो तळपायाने शिकावा लागतो. या मोजणीतून पुढे आलेली दुसरी गोष्ट त्याहूनही मोलाची आहे. उजव्या पायाखालचा दाब सर्वांत जास्त होतो तो बॅकस्विंगच्या शेवटी नव्हे, तर त्याच्या मध्याच्या आसपास. त्यानंतर हात आणि क्लब अजून वर जात असतात, आणि दाब डाव्या पायाकडे परत निघालेला असतो. शरीराचा वरचा भाग एका दिशेला आणि खालचा दुसऱ्या दिशेला, असा एक अगदी थोडा काळ प्रत्येक चांगल्या स्विंगमध्ये असतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो दिसतही नाही.

झाडावरची कैरी दगडाने पाडणाऱ्या पोराकडे पाहिले, तर हेच दिसते. दगड धरलेला हात अजून मागे जात असतो, आणि पुढचा पाय जमिनीवर पडलेलाही असतो. त्याला हे कुणी शिकवलेले नसते. हात पूर्ण मागे नेऊन, थांबून, मग पाऊल टाकून दगड मारायला त्याला सांगितले, तर दगड कैरीपर्यंत जाणारही नाही. गोल्फमध्ये चेंडू स्थिर असतो, पाय जागचे हलवायचे नसतात, आणि विचार करायला नको इतका वेळ मिळतो. त्यामुळे जे अंगात उपजत असते, ते आपण विचाराने मोडून टाकतो.

या लवकर परतण्याचा फायदा नुसता वेळेपुरता नाही. खालचा भाग आधी डावीकडे वळू लागला आणि खांदे अजून मागेच आहेत, की कंबर आणि खांदे यांच्यामधले पोटाचे व पाठीचे स्नायू ताणले जातात, आणि ताणलेला स्नायू लगेच आखडला तर तो नेहमीपेक्षा जास्त जोर देतो. कंबर आणि खांदे यांच्या वळण्यातल्या फरकाची चर्चा 1992 साली जिम मॅकलीन या अमेरिकन प्रशिक्षकाने ‘एक्स फॅक्टर’ या नावाने सर्वदूर पोहोचवली. तेव्हा अनेकांनी त्याचा अर्थ कंबर अडवून खांदे जमतील तितके पिळायचे असा घेतला, आणि कित्येकांच्या पाठी त्यात दुखावल्या. पुढच्या अभ्यासातून पुढे आले ते असे, की बॅकस्विंगच्या टोकाला फरक किती आहे यापेक्षा परतीच्या आरंभी तो क्षणभर किती वाढतो, याला महत्त्व अधिक आहे. आणि तो वाढतो कशाने, तर खांदे पोहोचण्याआधी पाय निघाल्याने. मग कंबर, त्यामागून धड, त्यामागून हात आणि शेवटी क्लब, असा वेग एकाकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो.

ज्या माणसाने हे सर्वांत आग्रहाने सांगितले, त्याचे स्वतःचे पाय मोडलेले होते, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. अमेरिकन गोल्फपटू बेन होगन यांच्या मोटारीला 2 फेब्रुवारी 1949 रोजी टेक्सासमध्ये धुक्यात समोरून येणाऱ्या बसने धडक दिली. शेजारी बसलेल्या पत्नीला वाचवण्यासाठी त्यांनी स्वतःला तिच्यावर झोकून दिले. कमरेचे हाड, गळ्याजवळचे हाड, एक बरगडी आणि डावा घोटा मोडला. नंतर रक्ताच्या गुठळ्यांनी जीव धोक्यात आला. ते पुन्हा नीट चालतील की नाही, याचीच डॉक्टरांना शंका होती. जून 1950 मध्ये पेनसिल्वेनियातल्या मेरियनच्या मैदानावर हाच माणूस पायांना घोट्यापासून मांडीपर्यंत पट्ट्या गुंडाळून यूएस ओपन ही अमेरिकेतली मोठी स्पर्धा खेळला. शेवटच्या दिवशी एका दिवसात 36 होल चालायचे होते. शेवटच्या होलवर त्यांनी मारलेल्या वन-आयर्नच्या फटक्याचे हाय पेस्किन यांनी मागून टिपलेले छायाचित्र गोल्फच्या इतिहासात सर्वांत प्रसिद्ध असेल. त्या फटक्याने ते बरोबरीत आले आणि दुसऱ्या दिवशी आणखी 18 होल खेळून जिंकले.

ते छायाचित्र बहुतेक लोक गर्दीसाठी, ग्रीनच्या (होलभोवतालच्या बारीक कापलेल्या गवताच्या) दिशेने गेलेल्या नजरेसाठी पाहतात. मी सांगेन, पाय पाहा. सगळे शरीर सरळ झालेल्या डाव्या पायावर उभे आहे, सोळा महिन्यांपूर्वी ज्याचा घोटा मोडला होता त्याच पायावर. आणि उजवा पाय फक्त बोटांवर टेकलेला असून बुटाचा तळ कॅमेऱ्याकडे वळलेला आहे. उजव्या बुटाला होगन नेहमीपेक्षा एक खिळा जास्त बसवून घेत असत. जमीन ढकलायची तर पाय घसरता कामा नये, याची त्यांना किती जाणीव होती, हे त्या एका खिळ्यावरून कळते. डाऊनस्विंगची सुरुवात हातांनी नव्हे, कमरेच्या डावीकडे वळण्याने होते, हे ते आयुष्यभर सांगत राहिले.

दुसरे थोर अमेरिकन खेळाडू जॅक निकलस यांची रीत दिसायला वेगळी होती. त्यांची डावी टाच बॅकस्विंगमध्ये चांगली उंच उचलली जाई आणि ती परत जमिनीवर टेकणे हाच त्यांच्या डाऊनस्विंगचा आरंभ असे. गंमत अशी, की लहानपणी ओहायोतले त्यांचे गुरू जॅक ग्राऊट त्यांच्याकडून दोन्ही टाचा जमिनीवर ठेवून सराव करून घेत, म्हणजे घोटे कसे आत-बाहेर कलतात ते अंगी मुरावे. टाच उचलली गेली ती मोठ्या वळणाच्या ओढीने. ती कधी मुद्दाम उचलायची गोष्ट नव्हती. पुढे काही दशके टाच न उचलण्याची पद्धत रूढ झाली. लवचिक तरुणांना ती साधते. पन्नाशी उलटलेल्या, दिवसभर खुर्चीवर बसून कंबर आखडलेल्या माणसाला मात्र टाच मोकळी सोडायला सांगणे हेच हिताचे, असे मला वाटते; वळणही पूर्ण होते आणि परतीची खूणही आपोआप मिळते.

आमच्या रेंजवर येणारे एक निवृत्त अभियंते आहेत, सत्तरीच्या पुढचे. त्यांचा फटका वर्षानुवर्षे उजवीकडेच जायचा आणि दर मोसमात ते नवा ड्रायव्हर घ्यायचे. तिथले प्रो, म्हणजे प्रशिक्षक, पूर्वी कॅडी (खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे) होते. बोलतात कमी, पाहतात जास्त. एका सकाळी त्यांनी अभियंत्यांच्या उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेखाली एक जुना चेंडू सरकवला, जेणेकरून उजवा गुडघा बाहेर ढळू नये, आणि म्हणाले, “सर, तुम्ही वर जाऊन थांबता आणि मग पायाला हाक मारता. पायाला आधी धाडा, हात येतील मागनं.” थोड्या वेळाने चेंडू काढून घेतला आणि पाय जुळवून उभे केले. क्लब मागे न्यायचा, आणि तो कमरेच्या वर गेला न गेला तोच डावा पाय उचलून पुढे टाकायचा. पहिल्या काही प्रयत्नांत पाऊल आणि क्लब एकमेकांत अडखळले. अभियंते वैतागून म्हणाले, “अहो, ही तर घाई झाली! अजून माझा क्लब वर पोहोचलासुद्धा नाही.” प्रो म्हणाले, “तेच पाहिजे, सर.”

त्या घाईच्या भावनेविषयी दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात, कारण बहुतेक जण याच पायरीवर हार मानतात. जो खेळाडू वर्षानुवर्षे उशिरा निघत आला आहे, त्याला योग्य वेळी निघणे हे फार लवकर निघाल्यासारखेच वाटणार. अंगाला जाणवणारी वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ यांत अंतर असते. म्हणून मोबाईलवर समोरून चित्रण करून ते संथ गतीने पाहावे, आणि एकच गोष्ट तपासावी: हात थांबण्याआधी डावा गुडघा चेंडूच्या दिशेने निघाला होता का? बाकी काही पाहू नये. एका वेळी चार गोष्टी तपासणाऱ्याची एकही सुधारत नाही.

लवकर निघण्याच्या नादात एक दुसरा दोष घडू शकतो आणि तो पहिल्यापेक्षा बरा मुळीच नाही. काही जण डावीकडे निघतात म्हणजे कंबर झटक्याने फिरवतात. दाब डाव्या पायावर गेलेलाच नसतो आणि कंबर मात्र मोकळी होऊन उघडते. खांदे तिच्यामागे ओढले जातात आणि क्लब बाहेरून आत येतो. काही जण कंबर नुसती डावीकडे सरकवतात, डोके सुद्धा तिच्याबरोबर जाते आणि चेंडू मागे राहतो. क्रिकेट खेळून आलेल्यांत हा दुसरा प्रकार मला पुष्कळदा दिसतो, कारण पुढे पाऊल टाकून डोके चेंडूवर नेण्याचे वळण त्यांच्या अंगात मुरलेले असते. क्रम असा हवा: आधी दाब, मग वळण, मग ताठ होणे. जुन्या पिढीतले अमेरिकन खेळाडू सॅम स्नीड यांच्या स्विंगमध्ये परतीच्या आरंभी दोन्ही गुडघ्यांत अंतर पडून ते किंचित खाली बसल्यासारखे दिसत. तो दाब वाढवण्याचा क्षण. त्यानंतर डावा पाय जमीन ढकलून सरळ होऊ लागतो. त्या वेळी ड्रायव्हरच्या जोरदार फटक्यात जमिनीवरचा जोर शरीराच्या वजनाच्या कितीतरी वर जातो, आणि तोही चेंडूला क्लब लागण्याच्या थोडा आधी. जस्टिन थॉमससारखा शेलाट्या बांध्याचा खेळाडू फटक्याच्या वेळी टाचांवरून पूर्ण उठलेला दिसतो, तो या ढकलण्यामुळे. उडी मारायची म्हणून तो मारत नाही. उजव्या पायाने या साऱ्यात आतल्या कडेवरून, चवड्याने रेटायचे, आणि टाच शेवटी उचलली जाऊ द्यायची. ती आधीच वर उचलून गुडघा चेंडूच्या दिशेने ढकलला, तर कंबर पुढे घुसते आणि हातांना खाली यायला जागा उरत नाही.

हे सगळे फक्त लांब मारण्यासाठी असते असा समज पसरला आहे, आणि त्याचे मला वाईट वाटते. टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आलेली अदिती अशोक ड्रायव्हरच्या अंतरात बरोबरीच्या खेळाडूंच्या बरीच मागे होती. पायांचे वेळेवर निघणे लांबीच्या आधी देते ती खात्री: क्लब जमिनीला कुठे लागणार, याची. हँडिकॅप चोवीस असलेल्या, म्हणजे हौशी सामान्य खेळणाऱ्या, माणसाला वीस यार्ड जास्त मिळण्यापेक्षा प्रत्येक आयर्न चेंडूला आधी लागणे किती मोलाचे आहे, हे एका फेरीतच कळते.

आमच्या वयाच्या मंडळींनी डाव्या गुडघ्याचा विचार मात्र आधी करावा. त्या पायावर दाब येतो, त्यावर शरीर वळते आणि तोच सरळ होतो. 2008 साली टोरी पाइन्सवर टायगर वूड्स यांनी डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटलेला आणि नडगीच्या हाडाला भेगा पडलेल्या असताना यूएस ओपन जिंकली, आणि लगेच शस्त्रक्रियेसाठी उरलेला मोसम सोडला. त्यांच्या वेगाशी आपला संबंध नाही. पण गुडघा पिळवटू नये यासाठीचा उपाय सर्वांना लागू आहे. उभे राहतानाच डाव्या पायाची बोटे लक्ष्याकडे थोडी उघडी ठेवावीत, म्हणजे फटक्यानंतर शरीर वळते तेव्हा पाय अडून बसत नाही. तेवढ्याने भागत नसेल, तर फटका संपताना डावा बूट टाचेवर फिरू द्यावा. दवातला ठसा थोडा विस्कटेल, गुडघा शाबूत राहील.

आणि ग्रीनपासून तीस-चाळीस यार्डांवरच्या लहान फटक्यांना यांतले काहीही लावू नये. तिथे दाब आरंभापासूनच डाव्या पायावर ठेवावा आणि तिथेच राहू द्यावा. पायांनी फक्त वळणाला साथ द्यायची. अभियंत्यांनी आता नवीन ड्रायव्हर घेणे थांबवले आहे, आणि सध्या ते प्रोंशी वाद घालतात तो एवढ्याच गोष्टीवर, की हा लवकर निघणारा पाय नऊ नंबरच्या आयर्नपर्यंत वापरायचा की वेजपर्यंत, म्हणजे त्याहून तिरक्या पात्याच्या, जवळच्या फटक्यांच्या क्लबपर्यंत.